एकशे चाळीस कपाळं

"महेश्वरी, अगं तुझ्या पऱ्यांना गोळ्या लागल्यात का?"

शुक्रवारी सकाळी पावणेदहाला पद्मजाचा फोन आला आणि पहिलं वाक्य हे. कशी आहेस नाही, चहा झाला का नाही. माझी भाकरी तव्यावर होती. त्या आठवड्यात माझं डोकं इतकं तापलेलं होतं की तव्याची गरजच नव्हती, आणि त्यात ही बया गोळ्यांचं विचारत होती.

"कसल्या गोळ्या?" मी म्हटलं.

"फोटो बघ की! सगळ्यांच्या कपाळावर मधोमध लाल ठिपका. सुबोध म्हणाला, ताई, हे ख्रिसमसचं झाड आहे का पोलिसांचा पंचनामा?"

मी गॅस बंद केला. फोटो मी काढलाच नव्हता. आदल्या संध्याकाळी माझ्या लेकीनं, सिद्धेश्वरीनं, खोकं भरताना घाईत काढला होता आणि सकाळी कामावर जाता जाता पद्मजाला पाठवून दिला होता; ठिपके बघून तिला वाटलं, मागणीच तशी असेल. मी आतल्या खोलीत गेले, खोक्याची चिकटपट्टी फाडली आणि वरची परी उचलली. पांढरीशुभ्र. दोन पंख, घेरदार झगा, आणि इवल्याशा कपाळावर लाल दोऱ्याची गाठ. दुसरी उचलली, तिलाही. तिसरीलाही. मग मी अख्खं खोकंच कॉटवर ओतलं. एकशे चाळीस पऱ्या आणि एकशे चाळीस कुंकवं. एक म्हणून चुकली नव्हती हो!

"अत्ती!" मी अशी ओरडले की शेजारच्या फुलाबाईनं खिडकी उघडली.

अत्ती म्हणजे माझ्या सासूबाई, गौरम्मा. आमच्या घरात कानडी आणि मराठी दोन्ही चालतं, सासूला आम्ही अत्ती म्हणतो. सोमवारपासून मी त्यांच्याशी बोलले नव्हते. चार दिवसांनंतर तोंडातून निघालेला पहिला शब्द हा, आणि तोही असा.

आधी या पऱ्यांचं सांगते. पद्मजा माझी शाळेतली मैत्रीण. तिचा भाऊ सुबोध पुण्यात एका मोठ्या हॉटेलात कामाला आहे, तिथली सगळी सजावट तो बघतो. ख्रिसमसला त्यांच्या दारात दोन माणसांएवढं उंच झाड उभं राहतं. दरवर्षी त्यावर बाजारातले प्लास्टिकचे गोळे लावतात, यंदा साहेबांना हातानं विणलेलं काहीतरी पाहिजे होतं. पद्मजानं आमचं नाव सांगितलं. क्रोशाच्या एकशे चाळीस देवदूत पऱ्या, वीतभरापेक्षा लहान, पांढऱ्या सुताच्या. तोंडावर डोळे नकोत, नाक नको, काही नको. साधं पांढरं तोंड. हे तिनं मला तीनदा सांगितलं आणि मी अत्तींना चारदा.

आमची कामाची वाटणी ठरलेली. झगा आणि पंख माझे, डोकी अत्तींची. सत्तरीत आहेत, पण अत्तींच्या हातचे मुके खांब, क्रोशाचे ते बुटके घट्ट टाके, बघा, दोन टाक्यांत टाचणी शिरणार नाही. त्या मुठीएवढा कापूस घेतात, चिमटीएवढा करून डोक्यात भरतात आणि शेवटचा टाका असा ओढतात की कुठं संपलं ते दिसत नाही. शेवटी सगळ्यांना साबुदाण्याची खळ द्यायची, ती पण त्यांच्याकडेच. खळीत बुडवून, पंख पसरून, गच्चीवर ऊन दाखवलं की परी कडक होते. मग ती झाडावर लोंबत नाही, ताठ राहते.

आमच्या गल्लीतल्या लग्न झालेल्या निम्म्या पोरींच्या रुखवतात अत्तींच्या हातची क्रोशाची बाहुली होती. नऊवारीतली नवरी, कपाळावर लाल दोऱ्याचं कुंकू. लोक येऊन घेऊन जायचे, तोंडभर कौतुक करायचे. रुखवत मांडायला मात्र अत्तींना कुणी बोलवायचं नाही. माझे सासरे वारले तेव्हा अत्ती सत्तावीस वर्षांच्या होत्या. त्यांनी विणलेलं चालायचं, त्या चालायच्या नाहीत.

आणि आता मी चालत नव्हते.

माझा नवरा बसू तीन वर्षांपूर्वी गेला. दुकानातून आला, पाणी मागितलं, आणि मी पेला घेऊन येईपर्यंत संपलं. त्यानंतर सिद्धीचं कॉलेजचं शेवटचं वर्ष मी काढलं, तिला लॅबमध्ये नोकरी लागेपर्यंत मी दारोदार फिरले, अक्कलकोटच्या गुरुराजचं स्थळ आलं तेव्हा त्याच्या घरी जाऊन पहिलं बोलणं मीच केलं. फॉर्मवर सही माझी, बँकेत मी, दवाखान्यात मी. तिथं कुणाला माझं कपाळ दिसलं नाही.

रविवारी सिद्धीला कुंकू लावायचा कार्यक्रम ठरला होता. साखरपुडाच म्हणा. सोमवारी माझ्या थोरल्या जाऊबाई, दानम्माक्का, मंद्रूपहून यादी घेऊन आल्या. त्या आणि भावजी चन्नप्पा तिकडं शेती बघतात. अक्कांनी चहा घेतला, खारी बुडवून खाल्ली आणि बोटं पुसत म्हणाल्या, "सवाष्णी पाच सांगितल्यात मी. आईच्या जागी मी बसंन. महेश्वरी आत सैपाकाचं बगंल."

"मी सैपाकाचं बघेन? माझ्या लेकीला कुंकू लावायचं आणि मी आत डाळ घोटत बसू?"

"अगं रागावू नगंस. पैलं शुभकार्य हाय पोरीचं. चांगल्या कामात कशाला उगं..."

पुढचं बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, निदान भांडता तरी आलं असतं. मी अत्तींकडं बघितलं. अत्ती भिंतीला टेकून एका परीचं डोकं विणत होत्या. मला वाटलं, ही बाई तरी बोलेल. हिनं भोगलंय की सगळं! अत्तींनी सुईवरून नजरही उचलली नाही.

"रीत हाय," म्हणाल्या.

बास, दोन शब्द. मठात स्वामीजी दर वर्षी सांगतात, आपल्या धर्मात विटाळ नाही, बाई अशुभ नाही. आमच्या बायका माना डोलावतात, प्रसाद घेतात आणि घरी येऊन जे करायचं तेच करतात. पेपरात पण येतं, अमक्या गावानं विधवा प्रथा बंद केल्या, तमक्या गावानं ठराव केला. आमच्या घरात पेपर फडताळात घालायला लागतो.

सिद्धी तर पेटलीच. "आई नसेल तर मला कार्यक्रमच नको," म्हणाली. मीच तिला गप्प केलं. माणसं चांगली आहेत, मुलगा चांगला आहे, माझ्या कपाळापायी पोरीचं मोडलं तर तोंड कुठं लपवायचं? मी गप्प बसले, पण आतून अशी धुमसत होते की काय सांगू. त्या दिवसापासून मी अत्तींशी बोलणं टाकलं. ताट समोर ठेवायचं, पाणी ठेवायचं, वळायचं. अत्ती पऱ्यांच्या टोपल्या घेऊन गच्चीवर खळ द्यायला बसल्या, मला वाटलं, बरं झालं, नजरेआड तरी आहेत. चार दिवस त्या वर काय करत होत्या ते मी बघितलं नाही. राग आला की माणूस आंधळं होतं म्हणतात, मी झाले.

तर शुक्रवारी माझी आरोळी ऐकून अत्ती जिना उतरून आल्या. पदराला हात पुसत दारात उभ्या राहिल्या.

"हे काय आहे?" मी एक परी त्यांच्या नाकासमोर धरली.

"कुंकू हाय," अत्ती म्हणाल्या.

"ते दिसतंय मला! का लावलं? कुणाला विचारून लावलं? तोंडावर काही नको म्हणून चारदा सांगितलं होतं की नाही? या काय रुखवताच्या नवऱ्या आहेत? करायला गेले गणपती आणि झाला मारुती! संध्याकाळी सहाच्या गाडीनं हे पुण्याला जायला पाहिजे, उद्या झाड सजवायचंय त्यांना. आता मी काय पाठवू, माझं डोंबल?"

अत्ती खाली बघत म्हणाल्या, "बाईमाणसाचं रूप हाय, महेश्वरी. घरातनं पोरी चालल्या, एवड्या लांब. रिकाम्या कपाळानं उंबऱ्याभाईर कशा पाटवायच्या? बरं न्हाय ते."

झालं! तळपायाची आग मस्तकात गेली.

"रिकाम्या कपाळानं बरं नाही? कापसाच्या डोक्यांची एवढी काळजी तुम्हाला? आणि मी कोण आहे? मी दिसत नाही तुम्हाला? तीन वर्षं मी विभूती लावून या घरात वावरते, तुमच्या डोळ्यांसमोर. बाराव्या दिवशी माझं कपाळ पुसलं, पाच-सहा हात होते, कुणाचे ते मला आठवत पण नाही, तेव्हा म्हणालात का, रिकामं कपाळ बरं नाही म्हणून? सोमवारी म्हणालात का? रीत हाय म्हणालात! दोऱ्याच्या बाहुलीला कुंकू, आणि जिवंत सून डाळ घोटणार. वा रे रीत!"

माझा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला असणार. जाऊ दे. फुलाबाईची खिडकी उघडीच होती.

मी कात्री घेतली आणि गाठ उसवायला बसले. कुठली उसवते! अत्तींनी आधी कुंकू टाचलं होतं आणि मग खळ दिली होती. गाठ दगड झालेली, दोऱ्याचं टोक डोक्याच्या आत कापसात. नखानं ओढलं, टाचणीनं ओढलं, दातानं पण ओढलं. शेवटी कात्रीचं टोक घुसवलं आणि चर्रकन कपाळच फाटलं. कापूस बाहेर आला.

"नगं गं!" अत्ती ओरडल्या. मी चोवीस वर्षांत त्यांना ओरडलेलं ऐकलं नव्हतं. त्यांनी ती परी माझ्या हातातून ओढून घेतली आणि फाटकं डोकं अंगठ्यानं दाबून धरलं.

"मला बोल, काय बोलायचं ते," त्या म्हणाल्या. "त्यास्नी नगं."

"तुम्हालाच बोलतेय!"

"बोल. खरं हाय तुजं. पर ऐक." अत्ती कॉटच्या कडेला बसल्या. "बसू सा वर्सांचा हुता, तवा त्याचा बा गेला. तवापास्नं माज्या हातचं कुंकू कुनी घेतलं न्हाय. त्रेचाळीस वर्सं. हळदीकुंकवाला न्हाय, बारशाला न्हाय. माज्या दोन सुना या घरात आल्या, दोगींस्नी मी लावलं न्हाय. नाती झाल्या, त्यास्नी न्हाय. पैल्यांदा गच्चीवर एकीला लावलं. सुतानंच लावलं, पर लावलं. वाईच बरं वाटलं. मग दुसरीला लावलं." त्यांनी कॉटवरच्या ढिगाकडं बघितलं. "ह्यातली एक बी न्हाय म्हनली न्हाय."

मी कात्री खाली ठेवली.

आता हे मला सांगायलाच पाहिजे, जरी माझी लाज निघत असली तरी. मी लग्न होऊन या घरात आले, माप ओलांडलं, तेव्हा मला ओवाळायला दारात फुलाबाई होती. सासू कुठं आहे म्हणून मी डोक्यावरच्या पदरातून शोधत होते. सैपाकघराच्या दाराआड एक पांढरा पदर दिसला, तेवढाच. मी मनात पक्कं केलं, हिला मी आवडले नाही. सून घरात आली आणि सासू दारात आली नाही! हे मी चोवीस वर्षं धरून ठेवलं. बसूशी भांडण झालं की पहिलं हेच काढायचे, तुझ्या आईनं मला दारात ओवाळलं पण नाही. आणि बसू गप्प बसायचा. एकदा तरी सांगायचं की त्यानं! का पुरुषांना हे दिसतच नाही, देव जाणे. मी तरी कुठं विचार केला? घरात दुसरी विधवा व्हावी लागली, तेव्हा मला पहिली दिसली.

तरी माझा राग गेला नाही. खोटं कशाला बोलू? उलट वाढला, फक्त कुणावर काढायचा ते कळेना.

"मग सोमवारी रीत हाय का म्हणालात?" मी विचारलं.

"मी दुसरं काय म्हनले असते, आन् उद्या पोरीचं काय कमीजास्त झालं असतं, तर म्हातारीनं केलं म्हनले असते. मला भ्या वाटतं, यव्वा. लई भ्या वाटतं."

घड्याळात साडेदहा झाले होते. रडत बसायला वेळ नव्हता. माझं डोकं रागात जरा जास्तच चालतं, हे एक बरं आहे. मी सिद्धीला फोन लावला. "अर्ध्या दिवसाची सुट्टी टाक. येताना आपल्या नवी पेठेतून सोनेरी दोरा आण. चांगली आठ-दहा रिळं आण. का म्हणून विचारू नकोस."

कुंकू निघत नव्हतं तर झाकायचं. वीस साखळ्यांचा गोल, त्यावर पाच टोकं, झाला मुकुट. तो डोक्यावर घालून भुवया असतात तिथपर्यंत खाली ओढायचा आणि मागं एक टाका मारायचा. बघणाऱ्याला वाटावं, परीला सोन्याचा मुकुट घातलाय.

सिद्धी बारा वाजता आली, ऐकलं आणि हसली. आम्ही तिघी कॉटवर बसलो. मी मुकुट विणत होते, सिद्धी बसवत होती. अत्तींनी त्या फाटक्या परीचं डोकं काढलं आणि नवीन विणलं. कापूस भरला, टाका ओढला. मग लाल दोऱ्याच्या रिळाला हात लावून माझ्याकडं बघितलं.

"हिला लावू?"

मला परत चीड आली, कशाची ते सांगता येत नाही. "लावा," मी म्हटलं. "मुकुटाखाली कोण बघतंय."

त्यांनी लावलं. अगदी मधोमध, मोहरीएवढं.

"मला एक कळत नाही," सिद्धी दातानं दोरा तोडत म्हणाली, "या सगळ्या पुण्याला कुंकू लावून चालल्या, तेही आज्जीच्या हातचं. आणि रविवारी मला आई पण लावणार नाही आणि आज्जी पण नाही. मी पण भुवयांपर्यंत मुकुट घालून बसते. मग लावा म्हणावं, कुठं लावायचं ते."

"सुम् कूड," अत्ती म्हणाल्या. गप्प बस, म्हणून. पण त्यांच्या आवाजात दम नव्हता.

साडेचारला शेवटचा मुकुट बसला. पद्मजाला फोटो पाठवला. तिचा लगेच फोन. "अगं काय सुंदर! हे आधीच का नाही केलंस?" मी फोन ठेवून दिला. काही माणसांना उत्तर देण्यात अर्थ नसतो. सहाच्या गाडीत खोकं चढलं, मुकुटाखाली एकशे चाळीस कुंकवं घेऊन.

रविवार उजाडला. दारात मांडव घातला, आत बैठकीत सतरंज्या अंथरल्या, अक्कलकोटची पंचवीस-तीस माणसं आली. दानम्माक्का हिरवं इरकल नेसून मधोमध. मी सैपाकघरात. होय, मी आतच होते. शुक्रवारी एवढी गरजले आणि रविवारी सकाळी डाळ घोटत होते. रात्रभर ठरवलं होतं असं नाही, तसं नाही, आणि माणसं दारात आल्यावर मी मुकाट रवी हातात घेतली. पोरीचं मोडलं तर? अत्ती माझ्या शेजारी खोबरं किसत होत्या. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही, मी त्यांच्याकडं.

बाहेरून गुरुराजच्या आईचा आवाज आला. "चला, मुलीच्या आईनं पहिलं कुंकू लावावं."

आणि अक्का म्हणाल्या, "व्हय, व्हय. हे काय, उठलेच की."

मुलीच्या आईनं, म्हणाली ती बाई. आणि उठलं कोण? माझ्या हातातली रवी तशीच पातेल्यात राहिली. मी बाहेर गेले. पदराला हळदीचा हात पुसला, अक्कांच्या ताटातला करंडा उचलला.

"अक्का, सरका," मी म्हटलं.

"अगं ये, लोक बसल्यात," अक्का दातओठ खात पुटपुटल्या. "काय करायलीस?"

"लोक बसलेत म्हणूनच. मुलीच्या आईला बोलावलं त्यांनी. मुलीची आई मी आहे."

गुरुराजची आत्या, मायाक्का नाव तिचं, माझ्या कपाळाकडं बघत मोठ्यानं म्हणाली, "ह्ये असलं आमच्यात चालत न्हाय," आणि उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसली. बसू दे, ऊन चांगलं होतं. गुरुराज सतरंजीचे पट्टे मोजत होता. त्याचा मला असा राग आला! अरे, तोंड आहे ना तुला? पण माझी नजर त्याच्या आईवर होती. ती बाई माझ्याकडं बघत राहिली. मला वाटलं, संपलं. मोडलं. माझ्या हातानं मोडलं.

मग ती पुढं वाकली आणि सिद्धीच्या कपाळावर आलेले केस तिनं बोटानं बाजूला केले. मला लावायला नीट जागा व्हावी म्हणून.

मी लेकीला कुंकू लावलं. थोडं नाकावर सांडलं. नाकावर सांडलं की नवरा लाड करतो म्हणतात. बघू आता, करतो का ते.

सिद्धी उठली, माझ्या पाया पडली आणि सैपाकघराकडं बघत म्हणाली, "आज्जी कुठाय?"

अत्ती दाराआड होत्या. दिसत होता तो फक्त पदर, चोवीस वर्षांपूर्वीचाच.

"अत्ती, बाहेर या," मी म्हटलं.

पदर हलला नाही. मी सिद्धीचा हात धरला आणि तिला सैपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत घेऊन गेले. बाहेर यायचं नसेल तर नका येऊ, आम्ही येतो. सिद्धी खाली वाकली. मी करंडा पुढं केला. अत्तींनी खोबऱ्याचा हात लुगड्याला दोनदा पुसला, तिसऱ्यांदा पुसला. मग बोट बुडवलं आणि माझ्या कुंकवाच्या वर नातीला एक ठिपका लावला, मोहरीएवढा, मधोमध.

मी तिथंच उभी राहिले.

"अत्ती, मला पण."

"तुला?" त्यांनी माझ्या खांद्यावरून बाहेर बघितलं. "महेश्वरी, लोक बगत्यात की."

"बघू दे. मी घरात आले त्या दिवशीचं राहिलंय. चोवीस वर्षं झाली. लावा."

अत्तींचं बोट माझ्या कपाळाला लागलं तेव्हा ते गार होतं आणि त्याला खोबऱ्याचा वास होता. विभूतीच्या पट्ट्यांच्या खाली त्यांनी कुंकू टेकवलं. आठवडाभर नुसती धुमसत होते ती मी तिथं उंबऱ्यात उभी राहून ढसाढसा रडले, सगळ्यांच्या समोर.

"थांब," अत्ती म्हणाल्या. "हितंच थांब. हलू नगंस."

त्या मागं वळल्या. टोपल्यातली भाकरी काढली, तिचा तुकडा मोडला, तांब्यातलं पाणी हातावर घेतलं. नवी सून दारात आली की ओवाळतात तसा तो भाकरतुकडा माझ्यावरून तीनदा ओवाळला. भाकरतुकडा ओवाळला की घराच्या दाराबाहेर टाकावा लागतो. त्यासाठी अत्तींना सगळ्या बैठकीतून जावं लागणार होतं, पाच सवाष्णींच्या मधून, अक्कांच्या समोरून, ओट्यावर बसलेल्या त्या आत्याच्या शेजारून.

अत्तींनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि त्या गेल्या.